भट्टीची काजळी

— नाही हो मावशी, बसा ना, ही पिशवी माझीच आहे, खाली ठेवते. थांबा, मी सरकते — या बाकाला मधोमध खळगा पडलाय बघा, कोणीही बसलं की घसरत घसरत मधेच येतं, सकाळपासून किती अनोळखी माणसं माझ्या खांद्याला येऊन टेकली, आणि सगळी "सॉरी" म्हणत उठली. तुम्ही काय विचारत होतात? आत कोण? आमचे हे. ऐका, ती ठकठक ऐकू येतेय ना दारातून, कोणी पिंपावर हातोडा मारल्यासारखी? त्या यंत्रात आहेत. नाही, नाही, "अगं बाई" म्हणू नका, आजारी नाहीत ते! धडधाकट आहेत. हे देणारे. घेणारे वर आहेत, चौथ्या मजल्यावर, जिन्याजवळच्या खोलीत. माझे थोरले दीर. दादा म्हणतो आम्ही सगळे. त्यांचं लिव्हर गेलंय, ह्यांच्यातलं अर्धं कापून त्यांना लावायचं. परत वाढतं म्हणे, दोघांचंही. लिव्हर एवढंच असं आहे आपल्या अंगात, की कापलं तरी वाढतं. असं डॉक्टरीणबाई म्हणतात. मी काही बघायला गेलेली नाही.

हां — तुमच्या चेहऱ्यावर आलंच ते. सगळ्यांच्या येतं. लिव्हर म्हटलं की लोक आधी बाटली शोधतात. दादांनी आयुष्यात थेंब घेतला नाही हो, थेंब! आमची बेकरी आहे. केकमध्ये घालायची रम असते ना, तिचं झाकण उघडताना सुद्धा नाकाला रुमाल लावायचा तो माणूस. पण बेकरीसमोरचा न्हावी काय म्हणाला? "घेत असतील हो, दार लावून." जाऊबाईंच्या कानावर गेलं, दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या दुकानात, गिऱ्हाईक खुर्चीत बसलेलं असताना, कमरेवर हात ठेवून उभ्या — "या, आत्ता या, घर झाडून बघा. एक बूच जरी सापडलं तर तुमच्याच वस्तऱ्यानं मी टक्कल करून घेते." गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनिशी पळालं. हसा, हसा, मी पण हसले होते तेव्हा. तेव्हा हसू यायचं अजून.

मग गेलं कशानं? तेच सांगते. चरबीनं. आमचा विश्वासच बसेना, कारण दोघं भाऊ काही ढोले नाहीत, हातापायांनी काटकुळेच, पोट तेवढं पुढे. त्याला जाऊबाई म्हणायच्या, पुरुषाला एवढं हवंच, नाहीतर पँट थांबायची कशावर? कुठून आली म्हणाल तर — केक भट्टीतून काढला ना, की तो मधे फुगलेला असतो, टेकाडासारखा. त्यावर क्रीम नीट बसत नाही. म्हणून आधी वरची टोपी कापायची, आडवी सुरी फिरवून, सपाट. या टोप्यांचं काय करायचं? माझ्या सासऱ्यांचा नियम होता, भट्टीतून निघालेलं काही फेकायचं नाही. त्यांनी उपाशी दिवस काढलेले, त्यांचं बरोबरच होतं. मग काय, टोप्या चहाबरोबर. हे दोघं भाऊ पोरं होते तेव्हापासून, सकाळच्या टोप्या, दुपारच्या टोप्या, उभ्या उभ्या, एका हातात सुरी, एका हातात टोपी. जेवायला वेळ नसायचा, टोपीला असायचा. सासरे जाऊन इतकी वर्षं झाली, तरी ताटलीत एक तुकडा उरला की दोघं असे दाराकडे बघायचे, जणू म्हातारा येऊन कान पिळणार आहे — आणि मग एकजण उचलून तोंडात टाकायचा. फेकवत नव्हतं. आम्हाला वाटायचं, काटकसर आहे, चांगलं आहे.

डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं बरं का, रागावल्या नाहीत. म्हणाल्या, कातडीखालची चरबी दिसते तरी. ही आतली, पोटात, आतड्यांच्या भोवती बसलेली, लिव्हरच्या आत भरलेली, ही दिसत नाही. आणि नुसती बसत पण नाही. रक्तातली साखर बिघडवते, दाब वाढवते, हृदयाच्या नळ्यांपर्यंत जाते, आणि लिव्हर हळूहळू सुजतं, मग त्यावर वण पडतात, मग ते कडक होतं. मी म्हटलं, कळलं मला. आम्ही पफ करतो ना — मैद्याच्या लादीत लोणी पसरायचं, घडी घालायची, लाटायची, परत घडी, परत लाटायची. बाहेरून बघाल तर नुसतं कोरडं पीठ. लोणी कुठं आहे? घडीघडीत आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अगदी तसंच." मला तेव्हा बरं वाटलं होतं, शाळेत उत्तर बरोबर आल्यासारखं. कसली बावळट मी.

आणि मान. मानेचं सांगायला हवं तुम्हाला. दादांच्या मानेवर मागे, कॉलर येते ना तिथे, काळा पट्टा होता. मखमलीसारखा, जाडसर. आम्हाला वाटायचं, भट्टीची काजळी. आमची जुनी भट्टी लाकडांची, आत डोकं घालून ट्रे ओढायचे, तेव्हा धूर अंगावर येणारच. जाऊबाईंना स्वच्छतेचं फार. दर रविवारी दादांना मोरीत स्टुलावर बसवायच्या आणि घासायच्या मान. साबण, लिंबू, मग पायाला लावतात ती वज्री. रक्त यायचं हो कधी कधी! दादा ओरडायचे, "अगं, माणूस आहे मी, तवा नाही!" त्या म्हणायच्या, "लोकांना काय वाटेल, बायको धुत नाही?" पुढे विजेची भट्टी आणली, धूर संपला, तरी पट्टा तसाच, तरी घासणं तसंच. इथे पहिल्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी दादांची कॉलर खाली केली, एकदाच बघितलं आणि विचारलं, "हे किती वर्षांपासून आहे?" म्हणजे ती काजळी नव्हतीच. अंगातलं इन्सुलिन चालेनासं झालं की मान अशी काळी पडते. सगळ्यांची नाही, पण पडते. आतलं सगळं बिघडत चाललं होतं, तेवढं एकच बाहेरून दिसत होतं, आणि आम्ही ते वज्रीनं घासत होतो.

आता पोटात पाणी भरतं त्यांच्या. नळी घालून काढतात, परत भरतं. डोळे पिवळे. आणि मधे मधे डोकं फिरतं — विष चढतं म्हणे, लिव्हर गाळत नाही म्हणून. शेवटी शेवटी बेकरीत एका लहान मुलीच्या वाढदिवसाचा केक होता, दादांचं अक्षर सुंदर, क्रीमनं नाव तेच घालायचे. त्या दिवशी नाव घातलं ते माझ्या सासऱ्यांचं. मुलीचे आईवडील समोर उभे, केकवर आमच्या मेलेल्या म्हाताऱ्याचं नाव, आणि खाली गुलाबी फुलं. हे धावले, सुरीनं खरवडून काढलं, मी परत नाव घातलं, वाकडं आलं. दादा कोपऱ्यात उभे राहून विचारत होते, "भट्टी कुठे गेली आपली?" भट्टीला पाठ टेकून उभे होते हो. तो माणूस नाही तसा. माझ्या लग्नात मला सासरी कोणी बोलतं केलं असेल तर दादांनी. मला त्यांच्याबद्दल काहीएक वाईट नाही वाटत, कधीच नव्हतं, हे तुम्ही लक्षात ठेवा. पुढचं ऐकताना लक्षात ठेवा.

पुढचं म्हणजे — काही नाही. पुढचं म्हणजे हेच, कोणी द्यायचं. जाऊबाईंचा रक्तगट जुळेना. त्यांची मुलगी अजून शाळेत, लहान मुलांचं घेत नाहीत. राहिले हे. एक दिवस सगळे जेवायला बसलेलो, कोणी मीठ मागावं तशा आवाजात हे म्हणाले, "मी देतो." आणि पुढचा घास घेतला. मी पाणी वाढत होते. मला कोणी विचारलं नाही. विचारायचं असतं का हो अशा वेळी? जाऊबाई उठल्या आणि माझ्या — ह्यांच्या नाही, माझ्या — पाया पडल्या. वयानं मोठी बाई, माझ्या पायांवर डोकं. आता सांगा, यावर बाईनं काय म्हणायचं? "ताई, उठा," म्हटलं. दुसरं काय म्हणणार. माझे दोघं पोरगे शेजारी बसून बघत होते.

मग ह्यांच्या तपासण्या झाल्या आणि कळलं, ह्यांच्याही लिव्हरमध्ये चरबी आहे. असणारच, टोप्या काय एकट्या दादांनी खाल्ल्या? एवढी चरबी असलेलं लिव्हर चालत नाही. घेणाऱ्यालाही धोका, देणाऱ्यालाही. पण कमी होते, म्हणाल्या, हीच तर चांगली गोष्ट आहे, लवकर होते — दोन महिने द्या. साखर बंद, मैदा बंद, लोणी बंद, रोज सकाळ-संध्याकाळ भराभर चालायचं, आणि भट्टीवर पाऊल टाकायचं नाही, तिथे गेलात की हात टोपीकडे जाणार. हे तेव्हापासून बेकरीत गेले नाहीत, कारागीर बघतो सगळं, मी आणि जाऊबाई क्रीमचं बघतो. सगळं लिहून दिलं. आणि डॉक्टरीणबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आता सगळं तुमच्या हातात आहे." जाऊबाई म्हणाल्या, "तुझ्या हातात आहे गं." बेकरीतला कारागीर म्हणाला, "वहिनी, तुमच्या हातात." ज्याला त्याला माझा हात दिसायला लागला.

ते राहू दे. तुमचं कोण आहे इथे? मी आपली मघापासून माझंच दळतेय. मुलगा? किती मोठा? — बाई गं. देणारा का? — घेणारा. यादीत आहे. कधीपासून? — नाही, मी — नाही, मला माहीत नव्हतं. घरातलं कोणी जुळत नाही? — हं. हं. मिळेल हो. तरुण आहे. तरुणांना मिळतं. मी तुमच्यापुढे हे सगळं बोलायला नको होतं. बघा ना, यंत्र अजून चालूच आहे, किती वेळ लावतात, मागच्या वेळी एवढा लागला नव्हता. श्वास रोखायला सांगतात, मग सोडायला सांगतात. हे श्वास रोखायला उत्तम. भट्टीचं दार उघडताना रोखायची सवय.

तुम्ही म्हणाल, भीती वाटते का? वाटते. मी विचारलं होतं डॉक्टरीणबाईंना, देणारा मरतो का? त्या खोटं बोलल्या नाहीत. म्हणाल्या, फार क्वचित. हजारांत एखादा. मी घरी येऊन तेवढाच विचार करत बसले. हजारांत एखादा, ठीक आहे, पण माझ्याकडे कुठे हजार आहेत? माझ्याकडे एकच आहे. आणि कागदावर चित्र काढून दाखवलं, इथून चिरायचं, असं वर जाऊन असं वळायचं. मी ह्यांच्याकडे बघत होते. टेबलाखाली ह्यांचं बोट शर्टावरून तसंच फिरत होतं, चित्रातल्यासारखं. रोज सुरी फिरवणारा माणूस. केकवर सुरी कधी अडली नाही. ते बोट वळणापाशी येऊन अडत होतं. मी बघितलं आणि त्यांनी बघितलं की मी बघितलं. दोघंही चित्राकडे बघायला लागलो.

मग मी पथ्याचं सगळं केलं. अगदी सगळं. उकडलेल्या भाज्या, कोरडं, बेचव, जे लिहिलं होतं ते. संध्याकाळी मोठा वाडगा भरून सूप. सूप मी चांगलं करते, दुधी, गाजर, टोमॅटो घालून, दाटसर, त्याला थोडं गोडसर अंग असतंच गाजराचं, त्यात मग जरा अजून — म्हणजे पिठीसाखर कशी, लगेच विरघळते, दाताखाली कण येत नाही, क्रीमची असते ती, आणि गरम असताना लोणी घातलं की —

काय? काय म्हणाले मी?

नाही, गाजराची गोडी म्हणत होते. गाजरानं गोड होतं.

... असं बघू नका हो. बाक खळग्याचा आहे, तुम्ही माझ्याकडे घसरायला हवं, तुम्ही तर तिकडे चढून बसलात. बरं. हो. घालत होते. सुरुवातीला चमचा. मग मूठ. लोणी, पिठीसाखर, दाट व्हायला मक्याचं पीठ, सकाळच्या त्या बेचव भाकरीला आतून तूप. आम्ही बेकरीवाले लोक, आम्हाला आत लपवायला शिकवावं लागत नाही, घडीघडीत घालायचं. मी ठरवून नाही केलं. पहिल्या दिवशी हात गेला नुसता. तोच, ज्या हाताबद्दल सगळे बोलत होते. मनात एवढंच होतं, चरबी उतरली नाही तर कापणार नाहीत. नाही म्हणायची वेळ माझ्यावर येणार नाही. ह्यांच्यावर येणार नाही. यंत्रच नाही म्हणेल. दर आठवड्याला आहारवाल्या बाई वजन करायच्या, काटा तिथल्या तिथे, त्या बिचाऱ्या मलाच धीर द्यायच्या — "तुम्ही इतकं करताय, काहींचं शरीरच हट्टी असतं." हे विचारायचे, "काटा बिघडलाय का हो तुमचा?" असा भोळा चेहरा करून.

भोळा! तुम्हाला ह्यांची जीभ माहीत नाही. एकदा कारागिरानं वीस किलो पिठाच्या घाण्यात साखर थोडी कमी घातली होती, विसरून. हे दारातून आत आले, बोट बुडवलं, जिभेला लावलं, म्हणाले, "दोन मुठी राहिल्या." कारागीर शपथा घेत होता, पोतं मोजून बघितलं तर खरंच राहिलेल्या. बिस्किट तोंडात टाकून सांगतील, लोणी कालचं की आजचं. आणि या माणसाला सूपमधली साखर कळली नसेल? तुम्हीच सांगा मला. पहिल्या संध्याकाळी पहिला चमचा तोंडात गेला, आणि हे थांबले. मी ओट्याशी पाठमोरी, पण मला कळलं, चमच्याचा आवाज थांबला ना. म्हटलं, आता वाडगा भिंतीवर. आता माझ्या नावानं ओरडतील, सगळ्या घराला कळेल. तर आवाज परत सुरू झाला. सगळं संपवलं, वाडगा पुसून खाल्ला. आणि उठताना म्हणाले, "मीठ बरोबर आहे."

रोज. रोज तेवढंच, "मीठ बरोबर आहे." मी स्वतःला सांगत राहिले, गाजराचं वाटत असेल. माणसाला जे हवं ते वाटून घेता येतं हो. मग एक दिवस जाऊबाई आल्या, ह्यांच्यासाठी चालायचे बूट घेऊन. नवे. माझे दोन्ही हात हातात घेतले त्यांनी, त्यांची बोटं लिंबासाबणानं फाटलेली, अजून घासतात दादांचं अंग, वर जाऊन. बूट ठेवले आणि गेल्या. मी म्हटलं, बस. पुरे झालं. पाप लागेल मला. त्या संध्याकाळी सूप सरळ केलं, भाज्या आणि पाणी आणि मिरी. वाढलं. ह्यांनी एक चमचा घेतला. चमचा खाली ठेवला. माझ्याकडे वळून बघितलं — रागानं नाही हो, रागानं नाही, लहान मूल बघतं ना आपल्याला अंधारात सोडून चाललेल्या आईकडे, तसं — आणि विचारलं, "आज काही राहिलं का?"

मी वाडगा उचलला, ओट्याशी गेले, डबा काढला, दोन मुठी घातल्या. ढवळला. पुढ्यात ठेवला. ह्यांनी संपवला. एक अक्षर बोललो नाही. आजवर बोललेलो नाही. नवे बूट घालून रोज सकाळी चालायला जातात, सगळा रस्ता बघतो, न्हावी सुद्धा म्हणतो, भाऊ असावा तर असा.

आणि सगळ्यात — हे ऐका, मग उठून जा हवं तर — सगळ्यात कळस म्हणजे याची गरजच नव्हती. डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी ह्यांना एकट्याला आत बोलावून सांगितलं होतं. देणाऱ्याला तसं एकट्याला विचारतातच. की तुम्हाला नको असेल तर कधीही मला सांगा, कारण विचारणार नाही, घरच्यांना आम्ही एवढंच सांगू की तब्येतीमुळे जमत नाही, कोणाला काही कळणार नाही. ह्यांनीच घरी येऊन सांगितलं मला. एका शब्दाचं काम होतं. "मग काय म्हणालात?" मी विचारलं. म्हणाले, "द्यायचंय म्हटलं. उगाच कशाला कोणाला खोटं बोलायला लावायचं?" खोटं बोलायला लावायचं नव्हतं, म्हणून आम्ही ते खरं करत बसलो. वाडगा वाडगा करून.

ठकठक थांबली. थांबली ना? मावशी, तुम्ही त्या पलीकडच्या बाकावर बसलात तरी चालेल, फक्त हे बाहेर आले की त्यांच्याकडे असं बघू नका. माझ्याकडे बघा. आणि कोणाला — तुम्हाला मुलगा आहे, मला कळतं, तुम्हाला कोणी काही देत नाही आणि इथे मी — मला कळतं. पण तुम्हीच सांगा, तुमच्या मुलाला कापायचं असतं दुसऱ्यासाठी, तर तुमचा हात कुठे गेला असता? नका सांगू. नका सांगू, राहू दे.

— हो डॉक्टर, मीच. इथेच आहे. … झालं? … वाढलंय? मागच्यापेक्षा? … नाही, मी सगळं तुम्ही लिहून दिलंत तसंच … हो, उकडलेलंच. … नाही, गोड काही नाही. शपथेवर. गोड घरात आणत पण नाही … या कोण? या मावशी, यांच्याशी नुसत्या गप्पा — यांना काय माहीत. हो ना मावशी? … मग दादांचं? … दुसरं कोणी नाही हो. … यादी. हो. … ह्यांची? ह्यांची तपासणी कशाला आता, हे तर देणारे, हे बरे आहेत, सकाळी चालून आले … कडक म्हणजे? दादांसारखं कडक? … सुरुवात म्हणजे किती सुरुवात? … साखर पण? … दोन महिन्यांत एवढं कसं — नाही, मी विचारलं नुसतं. … पुढच्या आठवड्यात. बरं. दोघंही येतो. बरं.

गेल्या. तुम्ही बोलला नाहीत. का नाही बोललात? त्या पायऱ्यांपर्यंत गेल्या आहेत अजून, हाक मारली तर ऐकू जाईल. — नाही, मारू नका.

हे आले. बघितलंत, हसले माझ्याकडे बघून. आत त्यांना आधीच सांगितलं असणार, नाही म्हणून. एवढंच सांगितलं असणार. दोन महिन्यांत असे हसले नव्हते. अहो, बसा, बूट घाला आधी, घाई नाही. भूक लागली? हो, देते. घरी जाऊन देते.

फोन वाजतोय. पिशवीतला. जाऊबाईंचा असेल, वरून करत असतील, त्यांना यंत्राची वेळ माहीत आहे. वाजू दे. … वाजू दे हो. तुम्ही कशाला त्या पिशवीकडे बघताय — आणि तिकडे पण बघू नका. ते बूट घालताहेत, वाकले आहेत, माणूस वाकला की कॉलर खाली जाते. ती काजळी आहे. भट्टीची. आमच्याकडे सगळ्यांना असते. … दोन महिने भट्टीवर गेले नाहीत म्हणून काय झालं? मुरलेली असते. रविवारी घासेन मी. घासली की निघते.

जा तुम्ही. मुलगा एकटा असेल. जा.